जीफोर्स जीटीएक्स १०८० टीआय आणि आरटीएक्स ए२००० यांची तुलना

जीफोर्स जीटीएक्स १०८० टीआय आणि आरटीएक्स ए२००० ही एनव्हिडिया या अमेरिकी कंपनीची दोन ग्राफिक्स कार्डे आहेत. पहिले मार्च २०१७ मध्ये घरगुती डेस्कटॉप संगणकांसाठी, मुख्यतः संगणकीय खेळांसाठी, बाजारात आले. दुसरे ऑगस्ट २०२१ मध्ये व्यावसायिक वर्कस्टेशनांसाठी जाहीर झाले. दोन्ही कार्डांवरील चिपमध्ये ट्रान्झिस्टरांची संख्या जवळपास सारखीच, म्हणजे सुमारे १,२०० कोटी आहे. तरीही जुने कार्ड २५० वॅट वीज वापरते, तर नवे केवळ ७० वॅटवर चालते. निव्वळ गणनवेग, मेमरीची क्षमता आणि मेमरीची बँडविड्थ या तिन्ही बाबतींत जुने कार्ड सरस आहे. याउलट रे ट्रेसिंग, यंत्र-शिक्षणासाठीची खास एकके, त्रुटी सुधारणारी मेमरी, व्यावसायिक आज्ञावलींचे प्रमाणन आणि ड्रायव्हरचे चालू पाठबळ या गोष्टी फक्त नव्या कार्डाकडे आहेत. त्यामुळे 'जुने विरुद्ध नवे' किंवा 'खेळांचे विरुद्ध व्यवसायाचे' एवढ्या निकषावर या दोहोंपैकी श्रेष्ठ कार्ड ठरवता येत नाही. निवड कामाच्या स्वरूपावर अवलंबून राहते.

## पार्श्वभूमी

### दोन कुळे

१९९० च्या दशकात त्रिमितीय आरेखन, अभियांत्रिकी संरचना आणि चित्रपटांतील दृश्य परिणाम ही कामे प्रामुख्याने सिलिकॉन ग्राफिक्ससारख्या कंपन्यांच्या महागड्या वर्कस्टेशनांवर होत असत. याच कंपनीने विकसित केलेली ओपनजीएल ही आरेखनाची प्रणाली १९९२ मध्ये प्रसिद्ध झाली आणि व्यावसायिक आज्ञावलींचा पाया बनली. पुढे सामान्य संगणकांत बसणारी ग्राफिक्स कार्डे वेगाने सुधारली आणि स्वतंत्र वर्कस्टेशनांची गरज कमी होत गेली.

एनव्हिडियाने १९९९ मध्ये जीफोर्स २५६ हे कार्ड आणले. त्यानंतर लवकरच तीच चिप वापरून 'क्वाड्रो' नावाची व्यावसायिक मालिका सुरू केली. तेव्हापासून एकच चिप दोन कुळांत विकण्याची पद्धत रूढ झाली. खेळांसाठी 'जीफोर्स' आणि व्यवसायासाठी 'क्वाड्रो' अशी ही विभागणी होती. २०२० मध्ये आरटीएक्स ए६००० या कार्डापासून कंपनीने नव्या व्यावसायिक कार्डांसाठी क्वाड्रो हे नाव वापरणे थांबवले. आरटीएक्स ए२००० हे याच नव्या नामपद्धतीतील कार्ड आहे. एएमडी या स्पर्धक कंपनीतही 'रेडिऑन' आणि 'रेडिऑन प्रो' अशी समांतर विभागणी आढळते.

### जीटीएक्स १०८० टीआय

हे कार्ड 'पास्कल' या चिपरचनेवर आधारित आहे. फ्रेंच गणिती ब्लेझ पास्कल यांच्यावरून या रचनेला नाव देण्यात आले. फेब्रुवारी २०१७ च्या अखेरीस ते जाहीर झाले आणि १० मार्चपासून ६९९ अमेरिकी डॉलर किमतीला मिळू लागले. ११ जीबी मेमरी असलेले हे कार्ड त्या काळातील जीफोर्स मालिकेतील सर्वांत वेगवान कार्ड होते. पुढील अनेक वर्षे ते खेळाडूंच्या आणि हौशी संशोधकांच्या वापरात राहिले. वापरलेल्या संगणक-भागांच्या बाजारात त्याला आजही मागणी असते.

### आरटीएक्स ए२०००

हे कार्ड 'अँपिअर' या रचनेवर आधारित असून तिचे नाव फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ आंद्रे-मारी अँपिअर यांच्यावरून ठेवलेले आहे. जाहीर झाले तेव्हा या कार्डावर ६ जीबी मेमरी होती आणि त्याची किंमत ४४९ डॉलर होती. त्याच वर्षी नंतर १२ जीबी मेमरीची आवृत्तीही आली. लहान आकाराच्या वर्कस्टेशनांत बसेल आणि वेगळ्या वीजजोडणीशिवाय चालेल असे कार्ड बनवणे हे त्यामागचे उद्दिष्ट होते. या लेखात अन्यथा उल्लेख नसल्यास ६ जीबीची आवृत्ती गृहीत धरली आहे.

## तांत्रिक तपशील

| बाब | जीटीएक्स १०८० टीआय | आरटीएक्स ए२००० |
|---|---|---|
| वर्ष | २०१७ | २०२१ |
| चिपरचना | पास्कल | अँपिअर |
| चिप | जीपी१०२ | जीए१०६ |
| निर्मितीतंत्र | १६ नॅनोमीटर (टीएसएमसी) | ८ नॅनोमीटर (सॅमसंग) |
| चिपचे क्षेत्रफळ | ४७१ चौ. मिमी | २७६ चौ. मिमी |
| कूडा कोर | ३,५८४ | ३,३२८ |
| रे ट्रेसिंग कोर | नाहीत | २६ |
| टेन्सर कोर | नाहीत | १०४ |
| कमाल निर्धारित घड्याळगती | १,५८२ मेगाहर्ट्झ | १,२०० मेगाहर्ट्झ |
| एकेरी अचूकतेचा गणनवेग | सुमारे ११.३ टेराफ्लॉप्स | सुमारे ८.० टेराफ्लॉप्स |
| मेमरी | ११ जीबी जीडीडीआर५एक्स | ६ किंवा १२ जीबी जीडीडीआर६ |
| मेमरी मार्गाची रुंदी | ३५२ बिट | १९२ बिट |
| मेमरी बँडविड्थ | ४८४ जीबी प्रतिसेकंद | २८८ जीबी प्रतिसेकंद |
| ईसीसी | नाही | आहे |
| संगणकाशी जोडणी | पीसीआय एक्सप्रेस ३.० | पीसीआय एक्सप्रेस ४.० |
| वीजवापराची मर्यादा | २५० वॅट | ७० वॅट |
| वेगळी वीजजोडणी | एक ६ पिनी व एक ८ पिनी | लागत नाही |
| पडद्यासाठी जोडण्या | ३ डिस्प्लेपोर्ट, १ एचडीएमआय | ४ मिनी डिस्प्लेपोर्ट |

जीटीएक्स १०८० टीआयचे आकडे एनव्हिडियाच्या मूळ 'फाउंडर्स एडिशन' आवृत्तीचे आहेत. इतर उत्पादकांनी याच चिपवर बनवलेल्या कार्डांची घड्याळगती, आकार आणि जोडण्या काहीशा वेगळ्या असतात.

## चिपची रचना

जीपी१०२ आणि जीए१०६ या दोन चिपांमध्ये बाह्यतः मोठे साम्य आहे. दोन्हींत सुमारे १,२०० कोटी ट्रान्झिस्टर आहेत. दोन्हींच्या पूर्ण स्वरूपात ३० गणनगट असून प्रत्येक गटात १२८ कोर, म्हणजे एकूण ३,८४० कोर असतात. निर्मितीत काही गट सदोष निघण्याची शक्यता असल्याने आणि बाजारात वेगवेगळ्या किमतींची कार्डे हवी असल्याने, विकल्या जाणाऱ्या कार्डांत काही गट बंद ठेवले जातात. १०८० टीआयमध्ये २८ गट चालू असतात, तर ए२००० मध्ये २६.

फरक दिसतो तो या ट्रान्झिस्टरांच्या विनियोगात. जीपी१०२ मध्ये त्यांचा मोठा भाग रुंद मेमरी मार्ग आणि पारंपरिक चित्रणाची एकके यांवर खर्च झाला आहे. जीए१०६ मध्ये मेमरी मार्ग अरुंद असून त्यातील काही ट्रान्झिस्टर दोन नव्या प्रकारच्या एककांना दिलेले आहेत. प्रकाशकिरण एखाद्या वस्तूला कोठे छेदतो हे शोधण्याचे काम रे ट्रेसिंग कोर करतात. टेन्सर कोर सारण्यांचे म्हणजे मॅट्रिक्सचे गुणाकार अतिशय वेगाने करतात आणि हेच गुणाकार कृत्रिम मज्जाजालांचा गाभा असतात. ट्रान्झिस्टर लहान झाल्यामुळे तेवढ्याच संख्येची चिप सुमारे ५९ टक्के क्षेत्रफळात मावली.

दोन्ही रचनांतील 'कूडा कोर' हे नाव एकच असले तरी त्याचा अर्थ तंतोतंत सारखा नाही. अँपिअरच्या प्रत्येक गटातील १२८ पैकी ६४ कोर केवळ दशांशयुक्त संख्यांची गणिते करतात. उरलेले ६४ कोर दशांशयुक्त किंवा पूर्णांकी यांपैकी एका वेळी एकाच प्रकारचे गणित करू शकतात. पास्कलमध्ये सर्व कोर दोन्ही प्रकारची कामे आळीपाळीने करतात. त्यामुळे केवळ कोरांची संख्या पाहून दोन पिढ्यांतील कार्डांची तुलना करणे दिशाभूल करणारे ठरते.

## गणनक्षमता

ग्राफिक्स कार्डाचा सैद्धान्तिक गणनवेग टेराफ्लॉप्समध्ये मोजतात. एक टेराफ्लॉप्स म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी गणिते. कोरांची संख्या आणि घड्याळगती यांच्या गुणाकाराची दुप्पट केली की हा आकडा मिळतो, कारण प्रत्येक कोर एका ठोक्यात एक गुणाकार आणि एक बेरीज करतो. या हिशेबाने १०८० टीआयचा वेग ११.३, तर ए२००० चा ८.० टेराफ्लॉप्स येतो. म्हणजे चार वर्षे जुने कार्ड या मापात सुमारे ४० टक्क्यांनी पुढे आहे.

मात्र संख्यांची अचूकता बदलली की चित्र बदलते.

* एकेरी अचूकता (३२ बिट): खेळ आणि बहुतेक त्रिमितीय चित्रण यांत हीच अचूकता वापरतात. येथे जुने कार्ड पुढे आहे.
* निम अचूकता (१६ बिट): यंत्र-शिक्षणात ही मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. १०८० टीआयमध्ये तिचा वेग एकेरी अचूकतेच्या १/६४ इतकाच, म्हणजे सुमारे ०.१८ टेराफ्लॉप्स ठेवलेला आहे. ए२००० मध्ये टेन्सर कोरांमुळे हा वेग अनेक पटींनी वाढतो. शून्ये वगळून गणित करण्याची युक्ती धरून कंपनी ६३.९ टेराफ्लॉप्सचा आकडा देते. ती युक्ती लागू नसेल तर त्याच्या निम्मा वेग धरावा लागतो.
* दुहेरी अचूकता (६४ बिट): हवामान, द्रवगतिकी अशा वैज्ञानिक गणितांत ही लागते. वर्कस्टेशन कार्ड या कामात आपोआप सरस असते असा समज आहे, परंतु या जोडीत तो खरा ठरत नाही. १०८० टीआयचा वेग एकेरीच्या १/३२, म्हणजे सुमारे ०.३५ टेराफ्लॉप्स आहे. ए२००० चा वेग १/६४, म्हणजे सुमारे ०.१३ टेराफ्लॉप्स आहे. दोन्ही कार्डे या कामासाठी बनवलेली नाहीत.

## मेमरी

### क्षमता

ग्राफिक्स कार्डावरील मेमरी अपुरी पडली की माहिती संगणकाच्या मुख्य मेमरीत ठेवावी लागते आणि पीसीआय एक्सप्रेस मार्गाने ये-जा करावी लागते. हा मार्ग आवृत्ती ३.० मध्ये एका दिशेने सुमारे १६ जीबी, तर ४.० मध्ये सुमारे ३२ जीबी प्रतिसेकंद इतकीच माहिती नेऊ शकतो. कार्डावरील मेमरीच्या तुलनेत ही गती फारच कमी असल्याने काम एकदम मंदावते. काही आज्ञावली अशा वेळी मेमरी संपल्याचा संदेश देऊन थांबतात. म्हणून मेमरीची क्षमता हा वेगापेक्षा आधी पाहण्याचा निकष आहे. वेग कमी असेल तर काम उशिरा होते, मेमरी कमी असेल तर ते होतच नाही असेही घडते. ६ जीबीचे ए२००० या बाबतीत १०८० टीआयच्या मागे आहे, तर १२ जीबीची आवृत्ती किंचित पुढे आहे.

### बँडविड्थ

मेमरी मार्गाची रुंदी आणि प्रत्येक वाहिनीचा वेग यांवरून बँडविड्थ ठरते. १०८० टीआयमध्ये ३५२ बिटांचा मार्ग प्रतिवाहिनी ११ गिगाबिट वेगाने चालतो आणि ४८४ जीबी प्रतिसेकंद बँडविड्थ मिळते. ए२००० मधील मेमरी नव्या पिढीची असून तिचा वेग १२ गिगाबिट आहे, परंतु मार्ग १९२ बिटांचाच असल्याने २८८ जीबी एवढीच बँडविड्थ मिळते. मेमरीचा प्रकार नवा असला म्हणजे ती एकूण वेगवान असतेच असे नाही, हे या जोडीवरून स्पष्ट होते.

### त्रुटी-सुधारणा

वैश्विक किरण, विद्युत गोंगाट इत्यादी कारणांनी मेमरीतील एखादा बिट क्वचित उलटा होतो. खेळात असे झाल्यास पडद्यावरील एखादा ठिपका क्षणभर चुकीच्या रंगाचा दिसेल आणि पुढच्या चौकटीत ती चूक पुसली जाईल. परंतु पुलाच्या भारवहनाचे किंवा यंत्रभागावरील ताणाचे गणित अनेक तास चालू असेल, तर एक उलटा बिट अंतिम उत्तर बिघडवू शकतो आणि ते बिघडल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही. ए२००० वरील मेमरीत ईसीसी म्हणजे त्रुटी-सुधारक संकेताची सोय आहे. ती चालू केल्यास एका बिटाची चूक शोधून दुरुस्त करता येते. १०८० टीआयमध्ये ही सोय नाही.

## वीज, उष्णता आणि आकार

प्रतिवॅट गणनवेग काढल्यास १०८० टीआयचा आकडा सुमारे ४५ गिगाफ्लॉप्स आणि ए२००० चा सुमारे ११४ गिगाफ्लॉप्स येतो, म्हणजे नवे कार्ड अडीच पट कार्यक्षम ठरते. हे सर्व श्रेय नव्या निर्मितीतंत्राला आणि नव्या रचनेला देणे मात्र योग्य नाही. जीए१०६ हीच चिप जीफोर्स आरटीएक्स ३०६० या खेळांच्या कार्डातही वापरलेली आहे. तेथे ती १७० वॅटवर १२.७ टेराफ्लॉप्स, म्हणजे प्रतिवॅट सुमारे ७५ गिगाफ्लॉप्स देते. यावरून असे दिसते की अडीच पटींपैकी सुमारे १.६५ पट वाढ पिढीबदलामुळे झाली. उरलेली सुमारे १.५ पट वाढ चिप संथ चालवल्यामुळे झाली. चिपचा वीजवापर घड्याळगतीच्या आणि विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. गती थोडी कमी केली की दाबही कमी करता येतो आणि विजेची बचत वेगातील घटीपेक्षा बरीच जास्त होते. ए२००० मध्ये हेच तत्त्व वापरले आहे.

७० वॅटची मर्यादाही सहेतुक आहे. पीसीआय एक्सप्रेसच्या खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट वीज मिळते. त्या मर्यादेत राहिल्याने ए२००० ला वेगळी वीजतार लागत नाही. म्हणून कार्यालयांतील लहान कॅबिनेटच्या आणि साध्या एसएमपीएसच्या संगणकातही ते बसवता येते. त्याची लांबी सुमारे १६.७ सेंमी आणि उंची सुमारे ६.९ सेंमी असून ते लो-प्रोफाइल प्रकारात मोडते. १०८० टीआयची लांबी सुमारे २६.७ सेंमी आहे. त्याला दोन वीजतारा लागतात आणि एकूण ६०० वॅटचा एसएमपीएस वापरावा अशी कंपनीची शिफारस आहे. दोन्ही कार्डे जाडीने दोन खाचांची जागा घेतात.

वीजखर्चातील फरकाचा अंदाज पुढील हिशेबावरून येतो. दोन्ही कार्डे रोज ८ तास, वर्षातून ३०० दिवस पूर्ण भारावर चालली, तर १०८० टीआय ६०० युनिट आणि ए२००० १६८ युनिट वीज वापरेल. दर युनिटला १० रुपये धरल्यास वर्षाला सुमारे ४,३२० रुपयांचा फरक पडतो. अर्थात एकाच कामाला दोन्ही कार्डांना सारखा वेळ लागत नाही, आणि संगणक रिकामा असताना दोन्हींचा वापर कमाल मर्यादेच्या बराच खाली असतो. त्यामुळे हा आकडा सतत पूर्ण भार असणाऱ्या वापरापुरताच खरा आहे.

## ड्रायव्हर आणि प्रमाणन

खेळांची आणि व्यवसायाची कार्डे यांतील सर्वांत महत्त्वाचा भेद पुष्कळदा चिपमध्ये नसून ड्रायव्हरमध्ये असतो. ड्रायव्हर म्हणजे कार्यप्रणाली आणि कार्ड यांच्यातील दुभाषी आज्ञावली. अभियांत्रिकी आरेखनाच्या आज्ञावली ओपनजीएलमधील काही अशा सोयी वापरतात ज्या खेळांना क्वचितच लागतात. हजारो बारीक रेषांची सफाईदार तारचौकट किंवा पृष्ठभागाच्या दोन्ही बाजूंची प्रकाशयोजना या त्यांपैकी होत. व्यावसायिक ड्रायव्हरमध्ये या सोयी पूर्ण वेगाने चालतात, तर जीफोर्स ड्रायव्हरमध्ये त्यांचा वेग मर्यादित असतो.

याचे बोलके उदाहरण २०१७ मधील आहे. टायटन एक्सपी या कार्डावर १०८० टीआयचीच जीपी१०२ चिप आहे. त्या वर्षी एनव्हिडियाने या कार्डासाठी नवा ड्रायव्हर प्रसिद्ध केला आणि मायासारख्या व्यावसायिक आज्ञावलींत तिपटीपर्यंत वेग वाढेल असे जाहीर केले. कार्डात काहीही बदल झालेला नव्हता. जी क्षमता चिपमध्ये पहिल्यापासून होती, तिच्यावरील बंधन सैल झाले एवढेच. १०८० टीआयला मात्र ही सवलत मिळाली नाही. जीपी१०२ चीच पूर्ण आवृत्ती क्वाड्रो पी६००० या व्यावसायिक कार्डात २४ जीबी मेमरीसह विकली जात होती.

रंगांच्या बाबतीतही असाच भेद होता. प्रत्येक मूलरंगासाठी १० बिट वापरणारे ओपनजीएल चित्रण पूर्वी केवळ व्यावसायिक कार्डांवर मिळे. २०१९ मध्ये 'स्टुडिओ' ड्रायव्हरमधून ते जीफोर्स कार्डांनाही उपलब्ध झाले.

व्यावसायिक कार्डांचा दुसरा विशेष म्हणजे प्रमाणन. सॉलिडवर्क्स, कॅटिया, क्रिओ, सीमेन्स एनएक्स अशा आज्ञावलींचे निर्माते विशिष्ट कार्ड आणि विशिष्ट ड्रायव्हर यांची जोडी तपासून तिला मान्यता देतात. प्रमाणनाने कार्डाचा वेग वाढत नाही. परंतु पडद्यावर रेषा चुकीची दिसली किंवा आज्ञावली बंद पडली, तर निर्मात्याकडे तक्रार करताना प्रमाणित जोडी असणे उपयोगी पडते. अप्रमाणित कार्डावरील अडचण सोडवण्याचे बंधन निर्माता स्वीकारत नाही. कार्यालयांच्या दृष्टीने वर्कस्टेशन कार्डाच्या किमतीतील बराचसा भाग या हमीचा असतो.

## वापरानुसार तुलना

### खेळ

पारंपरिक पद्धतीने चित्रण करणाऱ्या खेळांत १०८० टीआय सामान्यतः स्पष्टपणे पुढे राहते. अधिक गणनवेग आणि अधिक बँडविड्थ यांचा तेथे थेट उपयोग होतो. रे ट्रेसिंगवर अवलंबून असलेल्या नव्या खेळांत मात्र परिस्थिती उलटते. एनव्हिडियाने एप्रिल २०१९ मध्ये ड्रायव्हरद्वारे पास्कल कार्डांवरही रे ट्रेसिंगची सोय दिली, पण खास कोर नसल्याने हे काम सामान्य कोरांवर होते आणि वेग फार घटतो. कमी ठिपक्यांच्या चित्रावरून मोठे चित्र तयार करणारी डीएलएसएस ही सोय टेन्सर कोरांवर चालते, म्हणून ती १०८० टीआयवर मिळत नाही. डायरेक्टएक्स १२ अल्टिमेट या संचालाही पास्कलचे पाठबळ नाही.

### अभियांत्रिकी आरेखन

सॉलिडवर्क्स किंवा सीमेन्स एनएक्ससारख्या आज्ञावलींत मोठे प्रतिरूप पडद्यावर फिरवताना ए२००० वरचढ ठरते. येथे कच्च्या गणनवेगापेक्षा ड्रायव्हरमधील सोयी निर्णायक असतात. अशा आज्ञावलींवर आधारित स्पेकव्ह्यूपर्फ या चाचणीसंचात, विशेषतः सीमेन्स एनएक्सच्या भागात, जीफोर्स कार्डे समान क्षमतेच्या व्यावसायिक कार्डांच्या फार मागे पडतात. डायरेक्टएक्सवर चालणाऱ्या ऑटोकॅडसारख्या आज्ञावलींत हा भेद बराच कमी जाणवतो.

### त्रिमितीय प्रस्तुती

ब्लेंडरमधील सायकल्ससारखी प्रस्तुतीची यंत्रणा प्रकाशकिरणांचा माग काढूनच चित्र तयार करते. तिला रे ट्रेसिंग कोर थेट वापरता येतात. त्यामुळे कागदावर मागे असलेले ए२००० येथे सामान्यतः पुढे जाते. दृश्य मोठे असून त्याला ६ जीबीपेक्षा जास्त मेमरी लागत असेल, तर मात्र हा लाभ नाहीसा होतो.

### भाषिक प्रतिमाने आणि यंत्र-शिक्षण

स्वतःच्या संगणकावर भाषिक प्रतिमान चालवताना आधी मेमरीचा हिशेब करावा लागतो. ७०० कोटी प्राचलांचे प्रतिमान १६ बिट स्वरूपात १४ जीबी जागा घेते आणि दोन्ही कार्डांत मावत नाही. ते ४ बिटांपर्यंत आकसले तर सुमारे ३.५ जीबी लागतात आणि दोन्ही कार्डांवर चालते. १,३०० कोटी प्राचलांच्या प्रतिमानाला ४ बिटांतही सुमारे ६.५ जीबी लागतात. ते १०८० टीआयवर बसते, पण ६ जीबीच्या ए२००० वर बसत नाही.

मजकूर निर्माण करताना प्रत्येक शब्दखंडासाठी जवळपास संपूर्ण प्रतिमान मेमरीतून वाचावे लागते, म्हणून तेथे बँडविड्थ महत्त्वाची ठरते आणि जुन्या कार्डाला लाभ मिळतो. प्रतिमानाला नवे शिक्षण देताना मात्र सारणी-गुणाकारांचा भार मोठा असतो आणि तेथे टेन्सर कोर उपयोगी पडतात. अलीकडील अनेक आज्ञावली बीफ्लोट१६ या संख्याप्रकारावर अवलंबून असतात. एनव्हिडियाच्या कार्डांत त्याची सोय अँपिअरपासून सुरू झाली.

### चलचित्रे

दोन्ही कार्डांत चलचित्रांचे संकेतन आणि विसंकेतन करणारी स्वतंत्र यंत्रणा आहे. ए२००० एव्ही१ या नव्या प्रकारातील चलचित्रे थेट उलगडू शकते, १०८० टीआय ते करू शकत नाही. एव्ही१ मध्ये संकेतन करण्याची सोय मात्र दोहोंतही नाही.

## पाठबळाचा कालावधी

ग्राफिक्स कार्डाचे उपयुक्त आयुष्य त्यातील चिप बंद पडण्यापूर्वीच संपू शकते, कारण ते ड्रायव्हरच्या पाठबळावर अवलंबून असते. एनव्हिडियाने २०२५ मध्ये मॅक्सवेल, पास्कल आणि व्होल्टा या तीन रचनांच्या पाठबळाला उतरती कळा दिली. पास्कल मालिकेतील जीफोर्स कार्डांसाठी खेळांचे नियमित ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पर्यंत आणि त्यानंतर केवळ सुरक्षाविषयक त्रैमासिक सुधारणा ऑक्टोबर २०२८ पर्यंत, असे वेळापत्रक कंपनीने जाहीर केले. त्याच वर्षी आलेल्या कूडा १३.० या विकाससंचातून या तीन रचनांसाठी आज्ञावली तयार करण्याची सोय काढून टाकण्यात आली. पास्कलसाठी आज्ञावली लिहिणाऱ्यांना कूडा १२ मालिकेवरच थांबावे लागते. अँपिअर रचनेला हा निर्णय लागू नाही.

म्हणजेच १०८० टीआयवर आज चालणारे काम उद्याही चालत राहील, परंतु नव्या आज्ञावली त्यावर चालतीलच असे नाही. २०१७ व २०१८ मध्ये आणि त्यानंतरही या मालिकेतील पुष्कळ कार्डे आभासी चलनाच्या खननासाठी अखंड चालवली गेली होती. त्यामुळे वापरलेले कार्ड घेताना पंखे आणि उष्णतावाहक लेप यांची अवस्था पाहणे आवश्यक असते. नव्या मालकाला सहसा निर्मात्याची हमी मिळत नाही.

## तुलनेचे सार

एकेरी अचूकतेची गणिते, पारंपरिक खेळ आणि ६ जीबीहून मोठी पण ११ जीबीत मावणारी कामे यांसाठी १०८० टीआय आजही समर्थ आहे. मोठे कॅबिनेट, पुरेसा एसएमपीएस आणि वीजखर्चाची तयारी या त्याच्या अटी आहेत. प्रमाणित अभियांत्रिकी आरेखन, किरणांवर आधारित प्रस्तुती, लहान आकाराचा संगणक आणि आणखी काही वर्षांचे पाठबळ हवे असल्यास ए२००० योग्य ठरते. ६ जीबी मेमरी ही त्याची सर्वांत मोठी उणीव असून १२ जीबीच्या आवृत्तीत ती दूर होते. दुहेरी अचूकतेच्या वैज्ञानिक गणितांसाठी यांपैकी कोणतेही कार्ड उपयुक्त नाही.

ए२००० चे उत्तराधिकारी म्हणून आरटीएक्स २००० एडा जनरेशन हे कार्ड फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झाले. त्यातही ७० वॅटचीच मर्यादा पाळली असून मेमरी १६ जीबी आहे. नावांतील साधर्म्यामुळे या दोन कार्डांत गोंधळ होण्याचा संभव असतो.

## हे सुद्धा पहा

* ग्राफिक्स कार्ड
* एनव्हिडिया
* वर्कस्टेशन
* ओपनजीएल
* रे ट्रेसिंग